मोटारीचे जादा दिवे व त्यांचें बटण

रात्रीं मोटारीनें प्रवास करण्याचा प्रसंग आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांवर आलेला असेल. घाटाचा रस्ता, दोहों बाजूंस झाडी, आकाशांत चंद्र नाहीं, आणि मोटारीचे दिवे दाखवितील तेवढेंच दिसावयाचें, असा तो प्रसंग असतो. अशा वेळीं ज्यांच्या घरीं मोटार आहे त्यांपैकीं पुष्कळांच्या मनांत, पुढें आणखी दोन दिवे बसवून घ्यावे, असा विचार येतो. बाजारांत तसे दिवे सहज मिळतात, ते बसविणारे कारागीरही मिळतात, आणि अर्ध्या दिवसांत काम होऊन जातें. परंतु ते दिवे कोणत्या तारेनें, कोणत्या बटणानें व कोणत्या मार्गानें जोडले आहेत, याची विचारपूस फारच थोडे लोक करितात. दिवा लागला म्हणजे काम झालें, अशी आपली समजूत असते. ही समजूत अपुरी आहे व कित्येकदां घातकही ठरते, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे. यांत आलेलें पदार्थविज्ञान आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी शिकलेलेच आहेत. तें पुस्तकांतून उचलून मोटारीच्या बॉनेटखालीं नेऊन पाहावयाचें, एवढेंच येथें करावयाचें आहे.

प्रथम जादा दिव्यांची गरज खरोखर किती आहे, हें पाहूं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १६.७ मीटर अंतर तोडते. रस्त्यांत एखादें जनावर दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो असें धरलें, तर तेवढ्यांत मोटार २५ मीटर पुढें गेलेली असते. आणि सडक कोरडी व ब्रेक उत्तम असतांही पुरतें थांबण्यास आणखी सुमारें २० मीटर लागतात. एकूण अंतर ४५ मीटर झालें. वेग ताशीं ८० किलोमीटर केला, तर हाच हिशेब ३३ अधिक ३५, म्हणजे ६८ मीटरांवर जातो. वेग एकतृतीयांशानें वाढला, पण थांबण्याचें अंतर दीडपट झालें. कारण ब्रेक लागल्यानंतरचें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. आतां मोटारीच्या मोठ्या दिव्यांचा खालचा झोत, ज्यास मोटारवाले 'डिप्पर' म्हणतात, तो साधारणतः चाळीस-पन्नास मीटरांपलीकडे फारसा उपयोगी पडत नाहीं. वरचा झोत, म्हणजे 'अप्पर', त्याच्या बराच पुढें पोंचतो. यावरून पहिली गोष्ट ही शिकावयाची कीं, जेवढें दिसतें तेवढ्यांत थांबतां येईल इतकाच वेग ठेवावा. या उपायास पैसाही पडत नाहीं. जादा दिव्यांचा विचार त्यानंतरचा आहे.

हे जादा दिवे दोन जातींचे असतात. एका जातीचा झोत अरुंद व लांबवर जाणारा असतो. त्यांस 'ड्रायव्हिंग लाइट' म्हणतात, व ते अप्पर झोताच्या मदतीस असतात. दुसरे धुक्याचे दिवे. त्यांचा झोत रुंद, बुटका व रस्त्यालगत पसरणारा असतो. पहिल्या जातीचे दिवे धुक्यांत लावले तर धुक्यांतील बारीक जलकणांवरून प्रकाश परत फिरतो, आणि समोर जणूं पांढरी भिंत उभी राहते. पावसाळ्यांत आंबोलीच्या घाटांतून रात्रीं गेलेल्या वाचकांस ही भिंत ठाऊक असेल. तेव्हां आपणांस कशाची गरज आहे, हें ठरवूनच दिवे घ्यावे. येथें आम्ही पहिल्या जातीविषयींच बोलणार आहों.

या दिव्यांचा एक नियम असा आहे कीं, ते फक्त अप्पर झोताबरोबर लागले पाहिजेत व डिप्पर करितांच विझले पाहिजेत. समोरून येणाऱ्या मनुष्याच्या डोळ्यांवर असा झोत पडला म्हणजे त्यास कांहीं क्षण पुढचें मुळींच दिसत नाहीं. दोन्ही मोटारी ताशीं ६० किलोमीटर वेगानें येत असल्या, तर त्यांच्यामधील अंतर दर सेकंदास ३३ मीटरांहून अधिक कमी होत असतें. ज्यास आपण आंधळें केलें तो मनुष्य आपल्याच अंगावर येत आहे, हें विसरूं नये. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें वाहनाच्या मूळ बांधणींत फेरफार करण्यावर निर्बंध घातलेले आहेत. म्हणून दिवे विकत घेण्यापूर्वींच परिवहन कार्यालयांत चौकशी करणें शहाणपणाचें आहे.

आतां जोडणीकडे वळूं. नवशिक्यास प्रथम सुचणारी रीति म्हणजे बॅटरीपासून एक तार डॅशबोर्डवरील बटणास आणावी व तेथून ती परत पुढें दिव्यांस न्यावी. घरांतील दिवा आपण असाच लावतों. मग मोटारींत काय हरकत आहे? हरकत आंकड्यांवरून कळते. घरांत विद्युद्दाब २३० व्होल्ट असतो, मोटारींत अवघा १२. शक्ति तितकीच हवी असेल तर दाब जितका कमी तितका प्रवाह अधिक लागतो. प्रत्येकीं ५५ वॅटांचे दोन हॅलोजन दिवे धरले, तर एकूण ११० वॅट झाले. त्यांस १२ नें भागिलें म्हणजे सुमारें ९.२ अँपिअर प्रवाह येतो. घरांतील ११० वॅटांस अर्धा अँपिअरही लागत नाहीं.

हा प्रवाह बॅटरीपासून डॅशबोर्डापर्यंत व तेथून दिव्यांपर्यंत पांच मीटर तारेंतून गेला असें समजा. तार ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची असेल, तर तिचा रोध मीटरास सुमारें ०.०२३ ओहम, म्हणजे पांच मीटरांस ०.११५ ओहम होतो. ओहमच्या नियमानें तारेंतच सुमारें १.०५ व्होल्ट खर्ची पडले. बारांपैकीं एक व्होल्ट गेला तर बिघडलें कोठें, असें कोणी म्हणेल. परंतु तापलेल्या तंतूच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या सुमारें ३.४ व्या घाताच्या प्रमाणांत बदलतो. त्यामुळें दाब शेंकडा नऊनें घटतांच प्रकाश शेंकडा पंचवीसांहून अधिक घटतो. म्हणजे दिव्यांचे पैसे पुरे दिले आणि प्रकाश पाऊणच मिळाला. उरलेल्या शक्तीची उष्णता होऊन ती तारेंत व बटणाच्या पोटांत सांचते. डॅशबोर्डवरचें लहान बटण एवढ्या प्रवाहासाठीं केलेलें नसतें. त्याचे स्पर्शबिंदू तापतात, काळे पडतात, रोध वाढतो, मग आणखी तापतात, आणि अखेरीस बटणाचें कवच वितळतें.

या अडचणीवरील तोड फार जुनी आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यानें १८३५ साली विद्युच्चुंबकाच्या साहाय्यानें अशी युक्ति सिद्ध केली कीं, दुरून आलेल्या क्षीण प्रवाहानें जवळच्या दुसऱ्या प्रबळ प्रवाहाचें दार उघडावें. पुढें तारायंत्रांत हिचा फार उपयोग झाला. हिचें नांव 'रिले'. हा शब्द पूर्वीं वाटेंत बदलावयाच्या ताज्या दमाच्या घोड्यांसाठींही वापरीत. थकलेला घोडा टप्प्यावर सोडून टपाल ताज्या घोड्यावर घालावें, तसा येथें थकलेला प्रवाह आपला निरोप ताज्या प्रवाहास देतो. आमच्या विद्यार्थ्यांनीं विजेची घंटा उघडून पाहिली असेल. वेटोळ्यांतून प्रवाह वाहूं लागतांच लोखंडी गाभ्याचा चुंबक होतो व तो समोरची पट्टी ओढतो. घंटेंत ती पट्टी टोला मारते. रिलेंत ती दोन स्पर्शबिंदू जुळविते. प्रवाह थांबला कीं स्प्रिंग पट्टीस मागें नेते व दार बंद होतें.

मोटारींत वापरावयाचा रिले काड्यापेटीहून लहान, चौकोनी डबीसारखा असतो, व त्याच्या तळाशीं पितळेचीं टोंकें असतात. त्यांवरील आंकडे एका जर्मन मानकाप्रमाणें ठरलेले आहेत, व ते ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. ८५ व ८६ हीं वेटोळ्याचीं दोन टोंकें. ३० या टोंकास बॅटरीकडून येणारा प्रवाह जोडावयाचा, आणि ८७ मधून तो दिव्यांकडे जावयाचा. वेटोळ्याचा रोध सुमारें ८० ओहम असला, तर त्यांतून १२ व्होल्टांनीं ०.१५ अँपिअर एवढाच प्रवाह वाहतो. म्हणजे दिव्यांस लागणाऱ्या प्रवाहाच्या साठाव्या हिश्शानें काम भागतें, व तेवढाच डॅशबोर्डावरील बटणांतून जातो. रिले बॅटरीच्या जवळ बसविला म्हणजे जाड तार दोन मीटरांची पुरते. ती २.५ चौरस मिलिमीटरांची घेतली, तर तींत सुमारें ०.१३ व्होल्टच खर्ची पडतो, आणि प्रकाशाची घट शेंकडा चारांच्या आंत राहते. पूर्वींच्या शेंकडा पंचवीसांशीं हें ताडून पाहावें.

दुसरी अत्यावश्यक वस्तु फ्यूज. हिचें महत्त्व आम्हांस एका घटनेनें पटलें. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं असेच दिवे बसवून घेतले होते. बॅटरीपासून निघालेली तार इंजिन व बैठक यांमधील पत्र्याच्या भोंकांतून उघडीच ओढलेली होती, व तींत फ्यूज नव्हता. दिवे उत्तम लागत. चार-सहा महिने गेले. मोटारीच्या हादऱ्यांनीं पत्र्याची धार तारेच्या वेष्टनावर घांसत राहिली, आणि एका पावसाळी रात्रीं आंतील तांबें पत्र्यास लागलें. मोटारीचें लोखंडी अंग बॅटरीच्या ऋण अग्रास जोडलेलें असतें. म्हणून पत्र्यास लागणें म्हणजे बॅटरीचीं दोन्ही अग्रें एकत्र होणें. अशा वेळीं बॅटरी शेंकडों अँपिअर देऊं शकते. दिव्यांचें बटण बंद असूनही डॅशबोर्डामागून धूर येऊं लागला. मागल्या बैठकीवर मुलें निजलेलीं होतीं. सुदैवानें हत्यारांची पिशवी हाताशीं होती, म्हणून बॅटरीचें अग्र वेळेवर सोडवितां आलें. बटण बंद केलें म्हणजे वीज बंद झाली, अशी त्या गृहस्थांची समजूत होती. परंतु बटणाच्या अलीकडची तार अष्टौप्रहर सजीव असते, व तिचें रक्षण फ्यूजच करूं शकतो.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन अग्रापासून वीतभर अंतराच्या आंत असावा. तो दूर बसविला तर बॅटरी व फ्यूज यांमधील तार अरक्षित राहते. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठीं नसून तारेच्या रक्षणासाठीं आहे. म्हणून तो प्रवाहाहून थोडा मोठा पण तारेच्या शक्तीहून लहान घ्यावा. वरील ९.२ अँपिअरांस निळ्या रंगाचा १५ अँपिअरांचा फ्यूज योग्य होय. तो वारंवार जळतो म्हणून हिरवा ३० अँपिअरांचा बसविणें म्हणजे पहारेकऱ्यानें हांक मारली म्हणून त्याचेंच तोंड बांधण्यासारखें आहे.

आतां बटणाविषयीं. पुष्कळ मोटारींच्या डॅशबोर्डावर बटणांच्या रांगेंत एक-दोन जागा कोऱ्या टोपणांनीं झांकलेल्या असतात. त्या मापाचें, कारखान्याच्या इतर बटणांसारखेंच दिसणारें बटण बाजारांत मिळतें. तें बसविण्यास भोंक पाडावें लागत नाहीं, आणि शोभाही बिघडत नाहीं. परंतु शोभेहून मोठा लाभ हा कीं, चालकाच्या हातास तें नेहमींच्या जागीं, नेहमींच्या आकाराचें सांपडतें; तें शोधण्यासाठीं रस्त्यावरची नजर काढावी लागत नाहीं. सुकाणूखालीं कोठेंतरी लोंबणारें बटण चांचपीत बसणें रात्रीच्या वेळीं धोक्याचें असतें.

अशा बटणास मागून बहुधा चार किंवा अधिक टोंकें असतात. दोन टोंकें प्रत्यक्ष बटणाचीं, प्रवाह आंत येण्याचें व बाहेर जाण्याचें. बाकीचीं आंतील चिमुकल्या दिव्यांचीं. यांपैकीं एक दिवा पार्किंग दिव्यांबरोबर लागतो, म्हणजे अंधारांत बटण कोठें आहे तें दिसतें. दुसरा जादा दिवे चालू असतां लागून त्याची आठवण देतो. टोंकांचा क्रम निरनिराळ्या कारखान्यांचा निरनिराळा असतो. म्हणून तर्कानें जोडूं नये. मल्टीमीटर ओहमवर ठेवून दोन-दोन टोंकें तपासावीं. बटण दाबलें असतां जेथें रोध शून्याजवळ येतो व सोडलें असतां मीटर कांहींच दाखवीत नाहीं, ती मुख्य जोडी होय. चिमुकल्या दिव्यांपैकीं पहिल्याचें एक टोंक पार्किंग दिव्याच्या तारेस व दुसरें मोटारीच्या अंगास जोडावें.

प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वीं बॅटरीचें ऋण अग्र सोडवून बाजूस ठेवावें. मग जाड तारेचा मार्ग पुरा करावा: बॅटरीचें धन अग्र, तेथून फ्यूज, फ्यूजपासून रिलेचें ३० टोंक, ८७ टोंकापासून दोन्ही दिवे, आणि दिव्यांचीं दुसरीं टोंकें मोटारीच्या अंगास. जेथें अंगास जोडावयाचें तेथील रंग खरवडून चकचकीत धातु उघडी करावी, बोल्ट घट्ट आवळावा व वरून थोडें ग्रीस लावावें. मंद लागणाऱ्या दिव्यांपैकीं पुष्कळांचा दोष याच ठिकाणीं असतो. यानंतर बारीक तारेचा मार्ग: मोठ्या दिव्याच्या अप्पर झोताच्या तारेपासून बटण, बटणापासून रिलेचें ८६, आणि ८५ मोटारीच्या अंगास. पत्र्यांतून तार नेतांना भोंकांत रबरी कडें अवश्य बसवावें, आणि इंजिनाच्या तापणाऱ्या व फिरणाऱ्या भागांपासून तार दूर बांधावी.

या जोडणींतील खुबी पाहण्यासारखी आहे. रिलेच्या वेटोळ्यापर्यंत पोंचण्यास प्रवाहास दोन दारें ओलांडावीं लागतात, एक अप्परचें व दुसरें बटणाचें. दोन्ही उघडीं असलीं तरच दिवे लागतात. त्यामुळें समोरून मोटार येतांना चालकानें नेहमींप्रमाणें डिप्पर केलें कीं जादा दिवे आपोआप विझतात. बटण बंद करण्याची आठवण त्यास ठेवावी लागत नाहीं. चांगली योजना मनुष्याच्या विसरभोळेपणाचा असा आधींच विचार करते.

येथें एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. कांहीं मोटारींत, व विशेषतः टोयोटाच्या पुष्कळ जुन्या मोटारींत, मोठ्या दिव्यांचें बटण धन बाजूस नसून ऋण बाजूस असतें. दिवे चालू करितांच दिव्याच्या सामाईक टोंकास धन प्रवाह मिळतो, आणि अप्पर करितांना अप्परची तार मोटारीच्या अंगास जोडली जाते. अशा मोटारींत वरील जोडणी केली तर अप्पर असतांना दिवे लागावयाचेच नाहींत, उलट डिप्पर असतांना लागतील. तेथें सामाईक धन तारेपासून बटण, बटणापासून ८६, आणि ८५ अप्परच्या तारेस, असा क्रम ठेवावा. धन प्रवाह थेट बॅटरीवरून मात्र घेऊं नये. कारण मोठे दिवे बंद असतांही तो वेटोळ्यांतून व दिव्याच्या दोन्ही तंतूंतून वाट काढून डिप्परच्या मार्गानें अंगास पोंचूं शकतो, आणि जादा दिवे आपले आपण लागतात. यास्तव प्रथम मल्टीमीटरनें अप्परच्या तारेचा स्वभाव तपासावा व मगच तार जोडावी. ज्या नव्या मोटारींत दिव्यांचा कारभार संगणकाकडे असतो, त्यांत तर कारखान्यानें सांगितलेल्या सामानाखेरीज कोठेंही तार जोडूं नये.

काम झाल्यावर परीक्षा घ्यावी. बटण दाबतांच रिलेचा बारीक 'टक्' आवाज आला पाहिजे. आवाज येऊनही दिवे न लागले, तर दोष जाड तारेच्या मार्गांत, म्हणजे फ्यूज, ३०, ८७ किंवा अंगाची जोडणी यांत आहे. आवाजच न आला, तर तो बारीक तारेच्या मार्गांत आहे. इंजिन चालू ठेवून दिवे दहा मिनिटें लावावे व मग प्रत्येक सांध्यास सांभाळून हात लावून पाहावा. एकही सांधा तापलेला असतां कामा नये. शेवटीं सपाट जागेवर भिंतीसमोर मोटार उभी करून झोत नीट लावून घ्यावा.

आमच्या विद्यार्थ्यांनीं हा लेख वाचून घरच्या मोटारीच्या तारा सोडविण्यास एकट्यानें प्रवृत्त होऊं नये. एक रिले, बारा व्होल्टांची लहान बॅटरी, फ्यूज, बटण व एक दिवा एवढें साहित्य प्रयोगशाळेच्या मेजावर मांडून, शिक्षकांच्या देखरेखीखालीं ही सारी जोडणी करून पाहतां येते. त्यांत जें कळेल तें शंभर ओळी पाठ करून कळणार नाहीं. पालकांस आमची विनंती इतकीच कीं, कारागीराचे पैसे चुकविण्यापूर्वीं त्यास तीन प्रश्न विचारावे: फ्यूज कोठें बसविला आहे? डिप्पर करितांच हे दिवे विझतात काय? पत्र्याच्या भोंकांत रबरी कडें घातलें आहे काय? तिन्हींचीं उत्तरें तोंडी न घेतां प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहून घ्यावीं. चांगल्या कारागीरास या प्रश्नांचा राग येत नाहीं. उलट आपलें काम कोणी समजून पाहतो, याचें त्यास समाधानच वाटतें.

दिवा आपली वाट उजळण्यासाठीं असतो. पण रस्ता एकट्याचा नसतो, आणि समोरून येणाऱ्याच्या मोटारींतही कोणाचीं तरी मुलें निजलेलीं असतात. तीं सुखरूप घरीं पोंचावीं, एवढी काळजी आपल्या एका तारेच्या जोडणीनें घेतां येते, तर ती तार योग्य जागीं जोडण्याचे श्रम आपण आनंदानें केले पाहिजेत.